दोन पालथे पेले

"इथं आधीच दोघं झोपलेत की," खोलीत पाऊल टाकताच बाबा म्हणाले आणि दारातच थबकले.

मी दचकून पलंगाकडे बघितलं. पलंग रिकामा होता. बाबा बघत होते दाराजवळच्या टेबलाकडे. तिथे चहाच्या किटलीशेजारी, कागदाच्या गोल चकत्यांवर, काचेचे दोन ग्लास पालथे घालून ठेवले होते. आई खुदकन हसली. सामान घेऊन आलेला हॉटेलचा माणूस मात्र गोंधळला. आपली खोली चुकली की काय म्हणून त्यानं दारावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला.

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आमच्या घरात पालथा पेला म्हणजे झोपलेलं माणूस.

आई मोठ्या इस्पितळात नर्स, कायम रात्रपाळीला. बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री, कायम दिवसपाळीला. मी झाले तेव्हा मला सांभाळायला घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून दोघांनी दिवस आणि रात्र आपसात वाटून घेतली. दिवसा मी आईची, रात्री बाबांची. सकाळी बाबा निघायचे तेव्हा आई घरी यायच्या वाटेवर असायची आणि संध्याकाळी आई निघायची तेव्हा बाबा वाटेवर. मधल्या वेळात मी शेजारच्या काकूंच्या ओटीवर. कधी कधी दोघांच्या बस समोरासमोर यायच्या आणि ते खिडकीतून एकमेकांना हात करायचे. "आज तुझी आई भेटली बरं का," असं बाबा घरी येऊन मला सांगायचे, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची खुशाली सांगावी तसं.

चिठ्ठ्या लिहायचा दोघांनाही कंटाळा. म्हणून आमच्या ओट्यावरचे दोन स्टीलचे पेले बोलायचे. बाबांच्या पेल्याला एका बाजूला पोचा होता, आईचा काठाशी जरा वाकलेला. पेला पालथा घातला की समजायचं, झोपलंय, उठवू नका. पेल्यावर ताटली ठेवली की जेवण झालंय, काळजी नको. आणि पेल्यावर आडवा चमचा ठेवला की बोलायचंय, भेटल्याशिवाय हलू नका.

हा आडवा चमचा फार क्वचित दिसायचा. आजी गेली तेव्हा दिसला. बाबांचं बोट मशीनमध्ये सापडलं तेव्हा दिसला. आडवा चमचा बघून समोरचा थांबला नाही, असं मात्र कधीच झालं नाही. एकदा तर आई चमचा बघून धास्तावली आणि ड्यूटी बुडवून दारात उभी राहिली. बाबा आले आणि लाजत लाजत म्हणाले, "फोरमन केलं मला. म्हटलं, तुला तोंडानं सांगावं."

बाबा आधी निवृत्त झाले, आई यंदा झाली. मला वाटलं, आता हे दोघं एकदाचे संसाराला लागतील. कसलं काय! आईला रात्री झोप येईना, बाबांना दिवसा. रात्री आई स्वयंपाकघरात दिवा लावून बसायची. बाबा बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर जाऊन झोपायला लागले, तिला अडचण नको म्हणून. दिवसा ती झोपली की हे चपला हातात घेऊन बागेत. एकाच घरात राहून दोघं पुन्हा पाळ्याच करत होते, फक्त आता हजेरी घ्यायला कुणी नव्हतं.

त्यात आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेतून आईला बोलावणं आलं. रात्रीची सगळी जबाबदारी तुम्हीच घ्या, असं तिथल्या बाईंचं म्हणणं. आईनं विचार करून सांगते म्हटलं आणि विचार करतच बसली.

म्हणून मी हे हॉटेल शोधलं. शहरातलंच, पण शहराच्या पार टोकाला, जिथे फाटकापासून दारापर्यंत न्यायलासुद्धा एक छोटी गाडी येते. मुद्दामच इतक्या लांबचं घेतलं. जवळचं घेतलं असतं तर दोघांपैकी कुणीतरी गॅस बंद केलाय का बघायचं निमित्त काढून घरी पळालं असतं. शिवाय घरी लपायला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक बाग. इथे खोली एकच. म्हटलं, बसा आता समोरासमोर आणि बोला.

खोली होती मात्र देखणी. पायाखालचा गालिचा इतका जाड की चालल्याचा आवाजच येऊ नये. खिडकीतून खाली तळं दिसत होतं. ते तळं हॉटेलनंच केलेलं, पण बदकं खरी होती. काठाला झाडाखाली एक बाक होता. पलंग एवढा थोरला की आमच्या घरातली बाहेरची खोली त्यावर मावली असती. त्यावर पांढरी जाडजूड दुलई आणि उशांचा ढीग. आईनं सवयीनं चादरीचा कोपरा उचलून बघितला, गादीखाली कशी खोचलीय ते, आणि मान डोलावली. परीक्षा पास. मग तिनं पिशवीतून घरचे दोन स्टीलचे पेले काढून त्या काचेच्या ग्लासांशेजारी सरळ उभे केले.

"आई, अगं हे कशाला आणलेस?"

"असू दे गं. काचेतलं पाणी पाणी वाटत नाही मला."

बाबा दाराशी झटापट करत होते. दार उघडायला दिलेलं कार्ड ते उलटसुलट करून बघत होते. "किल्लीला दात नाहीत म्हणजे ती किल्ली कसली? हे दार एकदा आपसूक लागलं की आपण बाहेरचे बाहेरच!" असं म्हणून त्यांनी आपली एक चप्पल दाराच्या फटीत सारली. मी ती काढली. त्यांनी परत सारली. मी नाद सोडला.

आई मला न्हाणीघर दाखवायला म्हणून आत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत त्या बाईंना कळवायचंय."

"मग? जायचंय का तुला?"

"मला काय विचारतेस? घरात कुणाला माझी गरज दिसत नाही. तिथं निदान माणसं हाक तरी मारतील."

"बाबा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! 'तुझं तू बघ, सिस्टर.' झालं."

हो, आमचे बाबा आईला सिस्टर म्हणतात. अख्खी गल्ली म्हणायची, त्यांनाही तीच सवय लागली. नवीन माणूस ऐकून चपापतं.

निघताना बाबा मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मी त्यांनाही छेडलं, "बाबा, आईला तुम्ही स्पष्ट काही सांगत का नाही?"

"मी कोण अडवणारा?" ते लिफ्टच्या बटणाकडे बघत म्हणाले. "जन्मभर आजारी माणसांत रमली ती. माझ्याबरोबर रिकामं बसून काय करेल? घुसमटेल."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

लिफ्ट आली. "आली बघ," असं म्हणून त्यांनी सुटका करून घेतली. दोघांनाही कान धरून एका बाकावर बसवावंसं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. बाबा कुजबुजत होते.

"सोफा फार छान आहे गं इथला."

"सोफा? एवढा मोठा पलंग असताना तुम्ही सोफ्यावर झोपलात?"

मग हळूहळू प्रकार बाहेर आला. रात्री दिवा मालवायच्या वेळी दोघंही पलंगाच्या एकाच बाजूला येऊन उभे राहिले. खिडकीकडच्या. आमच्या घरच्या गादीला एकच खड्डा आहे, खिडकीच्या बाजूला. दोघंही जन्मभर तिथेच झोपले, आपापल्या पाळीला. कुणाची बाजू कुठली, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आता आला तर हे म्हणतात तू झोप, ती म्हणते तुम्ही झोपा. शेवटी बाबा उशी घेऊन सोफ्यावर गेले आणि आई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. पलंगावर कुणीच नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

यापुढचं सगळं मला आईनं सांगितलं. ती सांगायला लागली की बाबा पाणी प्यायला उठतात, त्यामुळे त्यांची बाजू अजून ऐकायचीच आहे.

नाश्ता झाल्यावर बाबा पोहण्याच्या तलावाचा पंप बघायला गेले. पंप कुठेही असो, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आई खोलीत एकटी होती. तिनं खूप वेळ फोन हातात धरून ठेवला. मग उठली, किटलीशेजारचा चमचा घेतला आणि आपल्या पेल्यावर आडवा ठेवला. पडदे सताड उघडले, म्हणजे चमचा बघून बाबा खिडकीशी आले की तळ्याकाठी बसलेली ती त्यांना दिसेल. मग खाली जाऊन त्या बाकावर बसली.

ती गेल्यावर खोली आवरणारी बाई आली. ती आपलं काम मन लावून करणारी असावी. तिनं दुलई झटकून पसरली, तिच्याखाली लांबडे तक्के सरळ रांगेत ठेवले. ऊन आत येऊ नये म्हणून जाड पडदे ओढून घेतले. दोन स्टीलचे पेले विसळले, पुसले आणि हॉटेलच्या रीतीप्रमाणे काचेच्या ग्लासांशेजारी पालथे घातले. चमचा बशीत ठेवला. आणि दार ओढून घेऊन गेली.

थोड्या वेळानं बाबा आले. दार किलकिलं केलं. आत अंधार. पलंगावर दुलईखाली कुणीतरी आडवं. दाराच्या फटीतून आलेल्या उजेडात आईचा वाकलेल्या काठाचा पेला दिसला, पालथा. विषय संपला. स्वतःचाही पेला पालथा आहे हे त्यांनी बघितलंच नाही. आपला पेला काय सांगतोय ते आपण कशाला बघायचं?

त्यांना इतकं बरं वाटलं म्हणे! रात्रभर खुर्चीत ताटकळलेली बायको एकदाची झोपली. त्यांनी आवाज होऊ न देता दाराच्या फटीत चप्पल सारली, बाहेरच्या मुठीला 'व्यत्यय नको' अशी पाटी अडकवली, मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि बोळाच्या टोकाची एक मखमली खुर्ची उचलून आणून दारासमोर बसले. एक पाय अनवाणी.

हे काम बाबांच्या हातचं आहे. सुट्टीच्या दिवशी ते असेच आमच्या पायरीवर बसायचे. आई आत झोपलेली. भाजीवाला आमच्या दारावरून मुक्यानं जायचा. गल्लीतली पोरं चेंडू घेऊन दुसऱ्या गल्लीत. पोस्टमन कडी न वाजवता बाबांच्या हातात टपाल द्यायचा. मीसुद्धा चवड्यांवर चालायला तिथेच शिकले. माझा नवरा अजून म्हणतो, आपल्या घरात मांजर पाळायची गरजच नाही.

तर बाबा बसले. ट्रॉली ढकलत कुणी आलं की तोंडावर बोट. शेजारच्या खोलीतलं जोडपं हसतखिदळत बाहेर पडलं, त्यांच्याकडे असं बघितलं की ती दोघं शाळेतल्यासारखी गप्प झाली. जेवणाची वेळ झाली, टळली. बाबा हलले नाहीत.

तिकडे आई बाकावर. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे बघत होती, तर मघाशी उघडे ठेवलेले पडदे आता बंद. म्हणजे हे खोलीत आले. म्हणजे त्यांनी चमचा बघितला. चमचा बघितला, आणि पडदा ओढून घेतला.

"तेव्हा मला कसं झालं ते तुला सांगून कळायचं नाही," आई म्हणते. "बदकं सगळी धूसर दिसायला लागली. म्हटलं, ठीक आहे. त्यांना नाही बोलायचं. मिळालं उत्तर."

तिनं त्या संस्थेतल्या बाईंचा नंबर काढला. पण लावला नाही. एकदा तोंडावर विचारून मगच लावू म्हणाली आणि तरातरा निघाली. लिफ्टमधून बाहेर पडली ती रागानंच हाक मारत, "अहो! अहो, ऐकता का?"

खुर्चीतल्या बाबांनी वर न बघताच ओठांवर बोट ठेवलं. "श्श! हळू. सिस्टर झोपलीय."

आई जागच्या जागी उभी राहिली. "कोण झोपलंय?"

बाबांनी वर बघितलं. बघतच राहिले. "तू... तू आत आहेस ना?"

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"मग आत कोण आहे?"

दोघं आत गेले. बाबा आधी, कारण आत कोण निघेल याचा भरवसा नव्हता. आईनं दिवा लावला. दुलईखालचे तक्के, टेबलावर दोन पालथे पेले, बशीत चमचा. आईच्या सगळं लक्षात आलं आणि ती पलंगाच्या कडेला बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.

"अगं, काय झालं? कसला चमचा?" बाबांना एवढंच कळलं होतं की ती चमच्याकडे बोट दाखवतेय.

"आडवा ठेवला होता मी. त्या बाकावर वाट बघत बसले होते तुमची. म्हटलं, चमचा बघूनही आला नाहीत."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "आडवा चमचा बघून मी आलो नाही, असं कधी झालंय का?"

"नाही ना! म्हणून तर..."

बाबा तिच्याशेजारी बसले. पायातल्या एका चपलेकडे त्यांनी बघितलं. मग त्या चपलेलाच सांगावं तसं म्हणाले, "नको जाऊस."

"कुठं?"

"तिथं. नोकरीवर. नको जाऊस. तुझी हौस असेल तर जा, मी डबा करून देईन. पण मला विचारशील तर नको जाऊस. कॉटवर पडल्या पडल्या स्वयंपाकघरातला उजेड बघतो मी दाराखालून. मला नाही झोप लागत."

"मग उठून यायचं होतं की स्वयंपाकघरात!"

"मला वाटलं, तुला तुझं एकटीचं बसायचं असेल. रात्री तुझ्याच ना, आधीपासून."

"मी दिवा कशाला लावून ठेवत होते मग?" आई म्हणाली. "कधीतरी याल म्हणूनच ना! आणि तुम्ही आपले उशी घेऊन बाहेरच्या खोलीत. मला वाटलं, नकोशी झाले मी आता."

"वेडी आहेस का, सिस्टर," बाबा म्हणाले.

आईनं तिथेच बसून त्या बाईंना फोन लावला. आपुलकीनं बोलली, दुसऱ्या एका चांगल्या नर्सचं नाव सुचवलं आणि नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिचे हात एकदम रिकामे झाले. सगळा जन्म 'सिस्टर' या एका हाकेला ओ देण्यात गेला होता. "चला, संपलं," ती म्हणाली. "आता मला सिस्टर म्हणणारं कुणी उरलं नाही."

"मी आहे ना," बाबा म्हणाले.



मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी कामावरून सुटून संध्याकाळी थेट हॉटेलवर गेले, ती दोघांना फैलावर घ्यायच्या तयारीनं. टॅक्सीत सगळं भाषण पाठ केलं होतं. चौथ्या मजल्यावर उतरले तर खोलीसमोर एक मखमली खुर्ची, रिकामी. मुठीला पाटी लटकलेली. आणि दाराच्या फटीत बाबांची चप्पल.

मी दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच ठेवला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. बाबांचा. थंडीत इंजिन सुरू करावं तसा, आधी घरघर, मग एकदम लय. माझ्या सगळ्या रात्री या आवाजात गेल्या. पण त्याच्या मधेमधे आणखी एक बारीक आवाज होता, शीळ घातल्यासारखा. तोही मी ओळखला. तो माझ्या दुपारचा आवाज. शाळेतून आल्यावर मी त्याच्याशेजारी बसून अभ्यास करायची. हे दोन आवाज मी एकाच वेळी कधीच ऐकले नव्हते.

फटीतून दिसत होतं ते फक्त दाराजवळचं टेबल. त्यावर पोचा पडलेला एक पेला आणि काठाशी वाकलेला एक पेला. दोन्ही पालथे. या वेळी ते हॉटेलनं घातलेले नव्हते, कारण ते एकमेकांना अगदी चिकटून होते.

लहानपणी मी झोपले तरी घरात कुणीतरी एक जागं असायचं. आई नाहीतर बाबा. त्याची मला इतकी सवय की दोघंही झोपलेत आणि मी एकटी जागी आहे, हे माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. थोडी भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दोघं म्हातारे झाले होते आणि आता जागं राहायची पाळी माझी होती.

मी पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसले. बोळाच्या टोकाकडून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला. संध्याकाळची खोली आवरायला बाई आली होती. दार किलकिलं दिसलं म्हणून ती पुढे झाली.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श," मी म्हणाले, "आई-बाबा झोपलेत."